जांभळ्याचं पिवळं

यवतमाळ, १२ जानेवारी २०२५

गौरी बाळा,

तुझा मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला, कारण तुझे बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस, मी "जेवलीस का" विचारते, आणि मग तू तिकडे डेन्मार्कात नि मी इकडे यवतमाळात, दोघीही सुटल्यासारखा श्वास टाकतो. एवढ्यानं माझं भागत नाही. म्हणून पत्र. पोस्टाच्या काउंटरवर जन्म गेला माझा, अजूनही माझा पाकिटावरच विश्वास आहे.

तुझ्या मेसेजचा मी लावलेला अर्थ असा. जूनमध्ये तुझं तिकडचं काम संपतंय आणि ते लोक तुला कायमचं ठेवून घ्यायला तयार आहेत. इकडे निकिताच्या कॉलेजात तुझ्याच विषयाची जागा निघाली आहे. तुला घरी यायचं आहे. पण यायचं तर कामासकट येईन, दारात काम उतरवून आत शिरणं जमणार नाही, असं तुझं म्हणणं. मार्चअखेर दोन्हीकडे कळवायचं आहे. बाबांना तू विचारणार नाहीस, ते मी विचारायचं.

विचारीन. पण इतक्यात नाही.

दिवाळीतल्या त्या पाडव्याचं मी उगाळत बसत नाही. खाटिकखान्यातल्या रक्तातून, हाडांतून तू काय काय काढतेस ते मामाला सांगत होतीस. बाबा म्हणाले, त्या हातांनी माझ्या देवघराला आणि ओट्याला शिवायचं नाही. तू म्हणालीस, पूजा करून तुम्ही रोज जी ॲसिडिटीची कॅप्सूल घेता तिचं टोपण जनावराच्या हाडातूनच येतं. बाबा भरल्या ताटावरून उठले आणि दुसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन गेलीस. कोण बरोबर ते मला सांगता येणार नाही. दोघंही जेवताना बोललात, एवढं मात्र चुकलं.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. बाबांनी कॅप्सूल सोडली नाही. ते ती उघडायचे, आतले दाणे खलात कुटून मधातून चाटायचे आणि टोपण चिमटीत धरून कचऱ्यात टाकायचे. जळजळ वाढत गेली, तर खापर तुरीच्या डाळीवर. शेवटी डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. ते म्हणाले, "काका, पोटातल्या आम्लात औषध टिकावं म्हणून त्या दाण्यांवर आवरण असते. तेच तुम्ही कुटून खाऊन राहिले." मी तोंडाला पदर लावून हसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता साधी गोळी चालू आहे. उरलेल्या कॅप्सूलची पाकिटं त्यांच्या कपाटात आहेत. ऑडिटमधून निवृत्त झालेला माणूस काही फेकतो का?

अशा माणसाला काय विचारायचं असेल ते आधी आपल्याला नीट कळलेलं बरं. तू नक्की काय करतेस ते मला माहीत नाही. पोस्टात आयुष्यभर आतलं न वाचता शिक्के मारले. हा एक शिक्का वाचून मारायचं ठरवलं आहे.

थंडीत डोकं झाकत जा.

आई

*

यवतमाळ, २० जानेवारी

गौरी,

काल रविवारी मी बाबांना सांगितलं, निकिताबरोबर बाजारात जाऊन येते. खोटं काहीच नव्हतं. कोणत्या बाजारात, ते त्यांनी विचारलं नाही.

तुझी मैत्रीण आता कॉलेजात मॅडम झाली, पण बोलणं अजून दारव्ह्याच्या शेतातलंच आहे. मला गाडीवर बसवतानाच म्हणाली, "काकू, तिथं तुमाले चक्कर आली तं गौरी माहा जीव घेईन, आधीच सांगून ठेवतो." मी म्हटलं, चल गुमान.

मटणाच्या लायनीत मी उभ्या जन्मात गेले नव्हते. त्या गल्लीच्या तोंडावरून रिक्षा गेली की मी श्वास धरायची, तुलाही धरायला लावायची. काल आत गेले. निकिता ज्याच्याकडून रक्त घेते तो उकंडा खाटीक मला पाहून घाबरलाच. "काकू, तुमी इकडं कायले आल्या? घरी काही इपरीत झालं का?" निकिता म्हणाली, "काही नाही जी, पाह्याले आल्या." तो म्हणाला, "पाह्याले? इथं?" मग मला बसायला त्याने स्टूल पुसून दिलं आणि त्यावर पेपर अंथरला.

निकिताने स्टीलचा डबा धुऊन आणला होता. तळाशी एक क्षार टाकलेला, म्हणजे रक्त गोठत नाही. उकंडा तिची चेष्टा करत होता. "लोक म्हनते मटन चांगलं दे. ह्या म्याडम म्हनते रगत चांगलं दे." बकरं कापताना मी डोळे मिटले. डबा भरल्यावर उघडले. बाकीचं रक्त पाण्याबरोबर नालीत चाललं होतं. दर रविवारी असंच जातं, म्हणाला.

मागे एक बंजारा बाई डबा घेऊन उभी होती, बसंतीबाई नावाची. तांड्यावरून सकाळीच आली होती. तिला रक्त सळोईसाठी हवं होतं. कांदा-मिरचीत शिजवतात, असं तिनेच सांगितलं. "तुमच्यात नाई खात?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली आणि डबा पुढे केला. ज्याच्यासाठी मी डोळे मिटले त्याच्यासाठी ती नंबर लावून उभी होती, याचं मला राहून राहून नवल वाटलं.

परत येताना डबा माझ्या मांडीवर होता. गौरी, तो गरम होता. स्टीलमधून, साडीमधून ऊब लागत होती. घाण वाटेल असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. झोपलेलं मूल मांडीवर असलं की आपण हालचाल बेताने करतो ना, तशी बसले होते.

कॉलेजात निकिताने ते यंत्रात घालून गरगर फिरवलं. बाहेर काढलं तर नळीत दोन थर. खाली गडद लाल, वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं स्वच्छ पाणी. ते पाणीही रक्तच, आणि तिला तेच हवं होतं. रक्त लाल असतं एवढंच मला साठीपर्यंत माहीत होतं. घरी येऊन आंघोळ केली, पण ते जे पाहिलं ते काही डोळ्यांपुढून जाईना.

बाबांनी विचारलं, भाजी काय आणली? काहीच आणली नव्हती.

आई

*

यवतमाळ, १० फेब्रुवारी

गौरी,

आज सगळं सांगते, मग तू मला वेडी म्हण.

निकिताने एक भुकटी स्पिरिटात विरघळवली. गर्द जांभळी शाईच. ती म्हणाली, आपल्या शरीरात काही उपद्रवी कण तयार होतात, लोखंडाला गंज चढतो तसं नुकसान करतात. हे जांभळं म्हणजे त्यांचंच सोंग. ज्या पदार्थात त्यांना शांत करायची ताकद असते तो यात घातला की जांभळा रंग जातो आणि पिवळा उरतो. बस, एवढीच परीक्षा.

चार नळ्या मांडल्या. एकीत नुसतं पाणी. दुसरीत आपल्या अंगणातल्या आवळ्याचा रस, तो मीच नेला होता. तिसरीत ते काडीच्या रंगाचं रक्ताचं पाणी, जसंच्या तसं. चौथीतही तेच पाणी, पण आधी पपईच्या चिकातल्या द्रव्याने बारीक तोडलेलं. मटण मऊ व्हावं म्हणून लोक कच्ची पपई घालतात म्हणे, तेच द्रव्य. ठरलेल्या उबेत काही तास ठेवायचं, मग उकळून थांबवायचं. ते काम निकिताने सकाळीच उरकून ठेवलं होतं.

आवळा पडल्या पडल्या पिवळा झाला. मला फार आनंद झाला, पहिला नंबर आमच्या झाडाचा. मग नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवल्या आणि आम्ही बाहेर चहा प्यायलो. निकिता तिच्या बाबांच्या, विठ्ठलरावांच्या सोयाबीनबद्दल काहीतरी सांगत होती. माझं लक्ष त्या कपाटाकडे.

तिने दार उघडलं. पाणी जांभळंच होतं. जसंच्या तसं रक्त जरासं फिकटलं होतं, न झाल्यासारखं. आणि चौथी नळी पिवळी. लिंबाच्या सरबतासारखी पिवळी.

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. का उठले ते मला माहीत नाही. रक्त तेच, दुकान तेच, रविवार तोच. अख्खं होतं तेव्हा त्याने काही केलं नाही. बारीक तुटलं तेव्हा केलं. म्हणजे ते आधीपासून त्यातच होतं. त्या बकऱ्यात होतं, आणि नालीतून दर रविवारी वाहत होतं. मी निकिताला म्हटलं, परत कर. ती हसली. "काकू, गौरी बी पह्यल्यांदा असंच म्हने. परत कर, परत कर. तिनं माही अर्धी बाटली संपवली होती."

ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू इथेच उभी राहिली असशील, याच टेबलाशी, आणि मी त्या दिवशी घरात चिवडा करत असेन. मला तुझा अभिमान वाटला आणि रागही आला, की हे तू मला आधी दाखवलं का नाहीस. पण दाखव म्हणून मीच कधी म्हटलं होतं म्हणा.

मला जे समजलं ते असं, चुकलं तर सांग. रक्तातलं प्रथिन म्हणजे सुतळीने आवळून बांधलेला टपालाचा गठ्ठा. आत कामाची पत्रं असतात, पण गठ्ठा बांधलेला असेपर्यंत एकही पोचत नाही. तू सुतळी कापतेस. मग एकेक पत्र आपापल्या पत्त्यावर जातं. तुझ्या प्रबंधातली ती भली मोठी नावं म्हणजे हीच सुटी पत्रं ना?

निकिताने मला फार वर चढू दिलं नाही. "काकू, हे नळीतलं झालं. माणसाच्या पोटात गेल्यावर हे किती टिकते, किती कामी येते, ते पक्कं सांगाले अजून लय काम बाकी हाय. औषध म्हनून कोनाले सांगू नका." मला ते आवडलं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी माणसं आता भेटतात कुठे?

तिने ज्वारीच्या पिठात त्या तोडलेल्या रक्ताची भुकटी घालून केलेले खारे शंकरपाळे दाखवले. कडवट लागतात, तो कडूपणा कसा मारायचा हीच मोठी डोकेदुखी आहे म्हणे. मी खाल्ले नाहीत. तुला खोटं सांगणार नाही, मी खाणारही नाही. पण हातात घेऊन वास घेतला आणि ताटलीत परत ठेवताना जपून ठेवले.

आता बाबांना विचारते.

आई

*

यवतमाळ, २ मार्च

गौरी,

विचारलं. संध्याकाळच्या चहाला, सरळ.

"गौरी परत यायचं म्हणते."

पेपराआडून आवाज आला, "येऊ दे की. तिचं घर आहे."

"कामासकट."

तेव्हा पेपर खाली आला. "ते नाही. ते तिकडेच सोडून यायचं. रक्तामांसात हात घालायचे आणि त्याच हातांनी आमच्या पानात वाढायचं, हे या घरात चालणार नाही. मी तिला सांगितलेलं आहे."

गौरी, मला राग येतो तेव्हा माझा आवाज बारीक होतो, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "अहो, तुम्ही जन्मभर ऑडिट केलंत. कागद न पाहता कधी शेरा मारलात?"

"कधीच नाही."

"मग पोरीच्या कामावर कसा मारलात?"

चहा अर्धा टाकून उठले. रात्री जेवले, पण मीठसुद्धा मागितलं नाही, उठून स्वतः घेतलं. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर म्हणाले, "ती निकिता कॉलेजात किती वाजता असते?"

मी त्यांना घेऊन गेले. प्रयोगशाळेत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले, कशाला धक्का लागू नये म्हणून. निकिताने चार नळ्या केल्या. कपाट उघडलं, बाबांनी पिवळी नळी पाहिली, आणि म्हणाले, "यात आधीच काही घातलेलं नाही कशावरून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकिता मात्र खुशीत आली. "काका, तुमीच सांगा मंग कशाचं करू?"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. त्यांच्या त्या जुन्या कॅप्सूल. घरूनच घेऊन आले होते, मला पत्ता नव्हता. म्हणाले, "याच्या टोपणाचं करून दाखव. हे माझं आहे, यात तुमचं काही नाही."

निकिताने आतले दाणे सांडून दिले, बिनरंगाची टोपणं घेतली, कोमट पाण्यात विरघळवली आणि आम्हाला उद्या या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात बाबांनी चपला काढल्या. निकिता धावत आली, "काका, इथं चपला घालूनच या लागते, खाली काचा राह्यते." त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. आपण चपला कधी काढल्या ते त्यांनाच कळलं नव्हतं.

कपाट उघडलं. विरघळलेलं टोपण, न तोडलेलं, ते जांभळंच राहिलं होतं. तोडलेल्या नळीतलं जांभळं ओसरलं होतं. आवळ्यासारखं झगझगीत नव्हे, पण पिवळ्याकडे झुकलेलं. बाबा वाकून पाहत राहिले, चष्मा काढून, चष्मा लावून. मग स्टुलावर बसले.

"ही टोपणं मी कचऱ्यात टाकत होतो," म्हणाले.

चष्मा पुसत विचारलं, "कोणत्या जनावराचं हाड असेल हे?"

"काय माहीत काका. ज्याचं होतं त्याले बी माहीत नसन, आपल्यात हे हाय म्हनून."

बाबांनी मान हलवली. मग तिला एकेक विचारत बसले. बकऱ्यात असतं, कोंबडीत असतं, मग कशात नसतं? निकिता म्हणाली, तुरीच्या वरणाचंही पोटात असंच बारीक होते काका, कापणारी द्रव्यं तुमच्याच पोटात हायेत, तुमी जेवून वर्तमानपत्र वाचत बसता तवा आत हेच चालू असते. परत येताना आर्णी नाक्यापाशी रिक्षा अडकली तेव्हा बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सुचित्रा, इतकी वर्षं जेवतो आहे मी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर पाहिलेलं नाही. तू जन्मलीस तेव्हा थोडंसं होतं, तेवढंच.

पण उत्तर दिलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "घाई करू नकोस." मार्च सुरू झाला आहे, घाई करू नकोस काय? मी आता पुन्हा विचारणार नाही. मीही कोणाची तरी आई आहे.

आई

*

यवतमाळ, ८ मार्च

गौरी,

आज माझं दोन ओळींचं. या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे. ते बाबांनी लिहिलं आहे. मला दाखवलं नाही. डिंक स्वतः लावला आणि वर तुझं नाव लिहून माझ्यापुढे ठेवलं. "आत काय आहे?" विचारलं, तर म्हणाले, "ज्याचं त्यानं वाचावं." पोस्टातल्या बाईला हे ऐकवतात.

मी ते उजेडात धरून पाहिलं. कागद जाड आहे.

नकार असेल तर त्यांच्याशी भांडू नकोस आणि परतही येऊ नकोस. तिकडची नोकरी घे. मी पासपोर्ट काढून तुझ्याकडे येईन, त्यांना स्वतःचं वरण स्वतः लावू दे. हे मी गमतीत म्हणत नाही. तुझं काम मी पाहिलं आहे. ते दाराबाहेर ठेवायला मी तुला कधीही सांगणार नाही.

होकार असेल तर फोन कर. मी घरात नाचेन, कोणी बघितलं तरी हरकत नाही.

आई

*

यवतमाळ, ८ मार्च २०२५

गौरी,

पत्र लिहायची सवय नाही. जन्मभर ऑफिसची टिपणं लिहिली, तीच भाषा येईल. चालवून घे.

तुझ्या कामाची पाहणी केली. आईबरोबर गेलो ते तिने कळवलं असेलच. त्यानंतर एकदा मी एकटा गेलो, ते तिला माहीत नाही. निकिताला म्हटलं, पुन्हा एकदा कर, या वेळी रक्ताचंच. ती नळी कपाटात ठेवायला निघाली. मी म्हटलं, मला पाहायचं आहे, हातात दे. ती म्हणाली, उजेडात आकडा बरोबर येत नाही. मी म्हटलं, मला आकडा नको आहे.

नळी मी हातात धरली. आत काय आहे ते मला माहीत होतं. रंग हळूहळू जातो. अमुक क्षणी गेला असं म्हणता येत नाही. जांभळं आहे, आहे म्हणता म्हणता नसतं. मी खिडकीशी उभा राहून शेवटपर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांच्या पूजेत मन इतकं स्थिर झाल्याचं मला आठवत नाही. हे मी विचार करून लिहीत आहे.

घरी आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. आई शेजारी गेली होती. मी आंघोळ केली नाही. सरळ देवघरात गेलो आणि दिवा लावला. विसरलो असं नव्हे. गरज वाटली नाही. हातांबद्दल मी तुला जे बोललो होतो, त्यात आता माझेही हात आले.

तू करतेस ते पदार्थ मी खाणार नाही. या वयात ते होणार नाही आणि तू आग्रह करू नयेस. माझ्या पानात काय आहे ते मला आधी सांगत जावं, एवढी एकच अट.

बाकी तू ये. कामासकट ये. मागची खोली रिकामी करून ठेवतो, तुझी पुस्तकं आणि जे काही असेल ते तिथे राहील. निकिता म्हणते नळ्या घरी आणायच्या नसतात. आणल्यास तरी माझी हरकत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या आहेत. यंदाचा नैवेद्य तुझ्या हातचा असेल.

बाबा